लॅमर्ट म्यूजची साखळी

सिरिल टिडमार्श वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस अत्यंत गरीब स्वभावाचे होते. उरलेल्या एका दिवशी त्यांनी कडक व्हायचं, असा त्यांच्या नोकरीचा दंडक होता. त्या दिवशीही ते गरीबच राहिले, आणि सगळा घोळ तिथून झाला.

तो दिवस म्हणजे फेब्रुवारीतला पहिला मंगळवार. आमची म्यूज, म्हणजे चौकातल्या बड्या घरांमागची तबेल्यांची गल्ली, खाजगी आहे. एका टोकाला कमान, दुसऱ्या टोकाला नऊ नंबरच्या भिंतीला खेटून एक बोळ. बोळातून पलीकडच्या बाजाराच्या रस्त्यावर निघता येतं, म्हणून सगळा मोहल्ला आमच्या दारांवरून जातो. लोकांना वीस वर्षं बिनरोक जाऊ दिलं की लंडनचा कायदा म्हणतो, आता हा रस्ता सगळ्यांचा. म्हणून जमीनमालकाच्या कचेरीने एक युक्ती काढलेली. वर्षातून एक दिवस, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, बोळाच्या तोंडाशी साखळी लावायची आणि परक्यांना परत पाठवायचं. हे काम नऊ नंबरच्या टिडमार्शांचं.

आधी वडील करायचे. ते या म्यूजमध्ये मोतद्दार म्हणून आले, तेव्हा खाली घोडे राहत आणि वर माणसं. घोड्यांना फरसबंदी, उतार, मोरी, वारा; माणसांना दोन खोल्या आणि घोड्यांचा वास. सिरिल तिथेच, वरच्या खोलीत जन्मले. पुढे चौकातल्या बड्या घरांनी घोडे विकून मोटारी घेतल्या. वडील ड्रायव्हर झाले, पण गाडीतून उतरल्यावर बॉनेटवर थाप मारायची सवय काही सुटली नाही. मग मोटारीही गेल्या. दुरुस्तीची गॅरेजं आली, त्यांच्यामागून चित्रकार आले, दोन नट्या आल्या. तबेल्यांची दारं पिवळी-निळी झाली, गव्हाणीत फुलझाडं लागली. मी चार नंबरात, गॅरेजच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. पाऊस पडला की माझ्या जिन्याला अजून घोड्याचा वास येतो. घरमालक याला जुनेपणाची शान म्हणतो.

वडिलांनी साखळी धरली की पाद्रीबाबालाही वळसा घालून जावं लागे. ते वारले आणि एकोणपन्नास साली साखळी सिरिलच्या हातात आली. पहिल्याच मंगळवारी कमानीपलीकडे राहणाऱ्या मिसेस पॉम्फ्रेट आल्या, हातात बटाट्यांची पिशवी. म्हणाल्या, माफ करा हं, जाऊ का? सिरिल म्हणाले, माफी कसली, मीच मागतो. आणि साखळी सोडली. मागून एक नर्स आली. तिला कसं अडवणार? मग दूधवाला. पंचवीस वर्षं हेच चाललं होतं. साखळी लागायची, कोणीतरी विचारायचं, साखळी सुटायची, पुन्हा लागायची. संध्याकाळी सिरिल कचेरीला चिठ्ठी धाडायचे, ‘साखळी लावली होती.’ यात खोटं काहीच नव्हतं.

त्र्याहत्तरच्या नोव्हेंबरात नगरपालिकेचं पत्र आलं. स्टॅनिफोर्थ नावाच्या एका बिल्डरने पलीकडे जागा घेतली होती. त्याचं म्हणणं, हा रस्ता सार्वजनिक आहे, जाहीर करा. आणि बोळ अरुंद आहे, तर रुंद करा. रुंद करायचा म्हणजे नऊ नंबर पाडायचं. त्याने चौदा शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. त्यांना फक्त विचारलं होतं, तुम्ही इथून जाता का? लोकांनी आनंदाने सही केली. सगळ्यात वर सही होती मिसेस पॉम्फ्रेटची.

सिरिलनी ते पत्र मला दाखवलं, पण सख्ख्या बहिणीला नाही. विनी त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी, दोघं अविवाहित, त्याच दोन खोल्यांत. पण विनीपासून काही लपवणं म्हणजे उंट चादरीखाली लपवणं. दोन दिवस भावाने सकाळचं अंडं तसंच ठेवलं, तेव्हा तिने कोटाच्या खिशातून पत्र काढून वाचलं.

“किती जणांना सोडलंस?” तिने विचारलं.

“मोजलं नाही.”

“नाही कोणाला सोडलंस ते सांग. ते लवकर होईल.”

सिरिल बराच वेळ आठवत राहिले. शेवटी म्हणाले, एकदा एक कुत्रा होता.

कचेरीचा वकील हेस्केथ येऊन गेला. त्याचं सांगणं सोपं होतं. नगरपालिका चौकशी करेल, तिथे विचारतील, साखळी होती का. तुम्ही म्हणायचं, होती. आणि गप्प बसायचं. पुढे विचारलं तर आठवत नाही म्हणायचं. तो गेल्यावर विनी म्हणाली, “तू खोटं बोललास की तुझे कान लाल होतात. अधिकाऱ्याला कान दिसतातच.” तेव्हापासून सिरिल आरशासमोर उभे राहून ‘आठवत नाही’ म्हणायचे आणि कान बघायचे. डिसेंबरभर हे चाललं. त्यांचं वजन उतरलं. बोळातून कोणी गेलं की ते खिडकीमागून त्याच्या पावलांकडे बघत, जणू प्रत्येक पाऊल घराच्या भिंतीवर पडतंय.

जानेवारीत नगरपालिकेच्या एका खोलीत चौकशी झाली. अधिकाऱ्याला सर्दी होती. चौदा जण एकामागून एक उठले आणि म्हणाले, आम्हाला कधी कोणी अडवलं नाही, मिस्टर टिडमार्श तर देवमाणूस. एकेक स्तुती ऐकताना सिरिल खुर्चीत खाली खाली जात होते. एव्हाना शेजाऱ्यांना घर पाडायचं कळलं होतं, पण सही करून बसल्यावर बोलणार काय?

सिरिलची पाळी आली. साखळी होती का? होती. हेस्केथ समाधानाने बसला. मग बिल्डरचा वकील उठला. या चौदांपैकी कोणासाठी तुम्ही ती सोडलीत?

सिरिलनी विनीकडे पाहिलं. मग म्हणाले, “सगळ्यांसाठी.”

हेस्केथने कपाळाला हात लावला. माझ्या शेजारी बसलेली विनी भावाच्या कानांकडे बघत होती.

अधिकाऱ्याने नाक पुसलं आणि विचारलं, हे लोक साखळी आपल्या हातानेच काढायचे का?

सिरिलना हे लागलं. “नाही साहेब. विचारायचे. विचारल्याशिवाय कोण जाईल?”

“आणि तुम्ही नाही म्हणाला असतात तर?”

“तर गेले असते मागे. पण मला नाही म्हणावं लागलं असतं ना.”

लोक हसले. अधिकारी हसला नाही. त्याने मिसेस पॉम्फ्रेटना पुन्हा उभं केलं आणि विचारलं, तुम्ही दर वेळी विचारलंत?

“अर्थात विचारलं,” त्या ताठ मानेने म्हणाल्या. “मी काही तबेल्यात वाढलेली नाही.”

“मी वाढलोय,” सिरिल हळूच म्हणाले. तेही नोंदवलं गेलं.

पुढचे सहा आठवडे म्यूजमध्ये कोणी मोठ्याने बोललं नाही. टपालवाला कमानीत दिसला की सिरिल जिना उतरायचे, आणि तो दुसऱ्याच्या दाराशी थांबला की पुन्हा चढायचे. त्या फेब्रुवारीतला मंगळवार असाच गेला. निकाल येईपर्यंत साखळीला हात लावू नका, असं हेस्केथने बजावलं होतं. मार्चमध्ये निकाल आला. परवानगी मागून जाणारा माणूस हक्काने जात नाही. रस्ता खाजगी, दावा फेटाळला, नऊ नंबर जागच्या जागी.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पंचाहत्तरच्या फेब्रुवारीत पहिला मंगळवार आला, आणि कचेरीचं सक्त पत्रही आलं: यापुढे परवानगी मागितल्याशिवाय एकही माणूस जाता कामा नये.

दहाच्या सुमारास मिसेस पॉम्फ्रेट पिशवी घेऊन आल्या आणि साखळीपाशी थांबल्या. भर चौकशीत आपल्याच तोंडून रस्त्यावरचा आपला हक्क बुडाला, याचा राग वर्षभर जपला होता त्यांनी. त्या काही बोलेनात.

सिरिलचा हात कडीवर होता. “विचारा ना,” ते म्हणाले.

“पंचवीस वर्षं विचारलं. आता नाही.”

“एकदाच. नुसतं ‘जाऊ का’ म्हणा.”

“तुम्हीच बोलवा की. तुमची गल्ली आहे.”

सिरिलनी मान वर करून नऊ नंबरच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत विनी होती.  त्यांनी कडी काढली नाही. मिसेस पॉम्फ्रेट वळल्या आणि पिशवी या हातातून त्या हातात घेत कमानीकडे चालू लागल्या. उजव्या पायाने त्या लंगडत होत्या. हे मला आधी माहीत नव्हतं.

थोड्या वेळाने विनी चहा घेऊन खाली आली. सिरिलनी कप घेतला, पण प्यायले नाहीत. चर्चला वळसा घालून बाजारात जायला किती वेळ लागतो, असं त्यांनी विचारलं.

“चांगल्या पायांनी अकरा मिनिटं,” विनी म्हणाली.

ते बोळातून पलीकडच्या बाजाराच्या रस्त्याकडे बघत राहिले. अर्धा तास झाला तरी मिसेस पॉम्फ्रेट तिथून जाताना दिसल्या नाहीत.