विसावा दात

आमच्यात दुधाचा दात पडला की शेणाच्या गोळीत घालून छपरावर फेकतात, म्हणजे नवा दात येतो. लेकीचे एकोणीस दात मी स्वतः फेकले. विसावा, वरचा डावा सुळा, बारावं सरलं तरी पडेना. मला कौतुकच वाटायचं. घरी कोणी आलं की तिला तोंड उघडायला लावून दाखवायची.

शाळेतल्या तपासणीत सांगितलं म्हणून सोनईहून नगरला नेलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला. पक्का सुळा वर टाळूत आडवा झोपलेला. म्हणाल्या, दुधाचा दात आत्ताच काढू, त्याला खाली यायला वाट मिळेल. माझं टाळकंच सटकलं. हलतसुद्धा नाही तो दात उपटायचा? आणि आमच्यात आपणहून पडलेलाच दात फेकतात, उपटलेला चालत नाही. शिकायला माझीच पोरगी सापडली का, असं तोंडावर बोलून मी उठले. आमचे मालक, लेकीचे वडील, म्हणाले, मॅडम सांगतात तसं करू. एसटीत बसेपर्यंत मी त्यांनाही झापलं.

दोन वर्षं गेली. लेक ऊस दाढेनं सोलायला लागली, तरी माझं लक्ष नाही. मग एक दिवस तिनं माझं बोट धरून स्वतःच्या पुढच्या दातावर ठेवलं. दात हलत होता. पक्का दात.

पुन्हा नगर, पुन्हा एक्स-रे. वाट न मिळालेला सुळा आडवा सरकत गेला होता आणि त्यानं शेजारच्या दाताचं मूळ खाऊन टाकलं होतं. तो दात आता वाचणार नव्हता. डॉक्टरीणबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तो हलणारा दात काढला, माझा लाडका दुधाचाही काढला. आता सुळ्याला साखळी लावून तारेनं खाली ओढणार, दोन वर्षं तरी लागतील म्हणाल्या.

घरी आल्यावर लेकीनं कापसाची पुडी सोडली. दुधाचा दात बाजूला सारला आणि दुसरा माझ्या हातावर ठेवला. मूळच नव्हतं त्याला, नुसतं टरफल.

"आई, हा छपरावर टाकला तर येईल का गं नवा?"

चौदा वर्षांची पोर. तिला सगळं ठाऊक होतं, तरी तिनं विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत ओठ मिटून माझ्याकडं बघत राहिली.

"न्हाई येत," मी म्हणाले.