अठरा दशम्या आणि सेलू

भाऊजी वारले तेव्हा ते घरी होते.

आमच्या नात्यात ही गोष्ट अजून कुणाला पटलेली नाही. कारण हिंदुस्थानच्या पाठीवर भाऊजी कुठेही सापडू शकत, फक्त नालवाडीतल्या स्वतःच्या घरी सापडत नसत. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान स्वतःचा ट्रक स्वतः चालवत. आर्वीहून कापसाच्या गाठी भरायच्या, त्या उतरतील तिथून मिळेल तो माल घेऊन पुढे जायचं, हा त्यांचा क्रम. मी शाळेत भूगोल शिकवी आणि जिल्ह्याबाहेर क्वचित जाई. त्यामुळे देशाविषयी आमच्यात अधिकारवाणीने बोलणारा मी. भाऊजी सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "मास्तर, तुमच्या नकाशात घाट दिसत नाई, ढाबा दिसत नाई, हवालदार तर बिलकुलच नाई. मंग थांबाचं काऊन, हे पोरायले समजन कसं?"

निघताना त्यांना कुणी 'कुठे?' विचारलेलं चालत नसे. विचारलं की प्रवास नासला. मग इंजिन बंद करून ते खाली उतरत, घरात येत, चपला काढत, पेलाभर पाणी पीत, बाजेवर टेकत आणि नव्याने निघत. समोरच्या निवृत्त कारकुनांना विचारल्यावाचून राहवत नसे. एका सकाळी त्यांनी तीनदा विचारलं. सहाला निघायचा ट्रक साडेनवाला निघाला. तिसऱ्या वेळी भाऊजी खिडकीतून ओरडले, "काकाजी, तुमीच येऊन बसा ना गाडीत! रस्ता दाखवा!"

आपला नवरा कुठे आहे हे जाणून घ्यायची ताईला मात्र हौस होती. बायकांना कसल्या हौशी असतात, असं भाऊजी म्हणत. तिने वाट काढली. निघायच्या आदल्या दिवशी ती विचारी, "दशम्या किती देऊ?" दुधात पीठ भिजवून केलेल्या या पोळ्या प्रवासात टिकतात. भाऊजी आकडा सांगत आणि त्या आकड्यावरून ती मनाशी गाव ठरवी.

मोबाइल यायच्या आधी एकदा भाची तापाने फणफणली. दवाखान्यात ठेवावं लागलं. ताई माझ्याकडे आली. "अठरा नेल्या रे. सांग, कुठी असतीन?" मी रोजच्या तीन धरल्या, ॲटलास उघडला, पट्टी लावली आणि सांगितलं, "कटकच्या आसपास." एसटीडी बूथवरून तिथल्या दोन ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन केले. माझं हिंदी ऐकून दोघांनीही फोन ठेवून दिला. ताई चार रात्री पोरीच्या उशाशी एकटी बसली. पाचव्या दिवशी ताप उतरला, सहाव्या दिवशी भाऊजी माल उतरवून आले.

"ॲक्सल तुटला होता," ते म्हणाले. "सामान येऊ नाई राह्यलं. बसलो चार दिवस."

"कुठी?"

"सेलूले."

सेलू नालवाडीहून एसटीने अर्ध्या तासावर आहे.

"पोरगी हातची चालली होती," ताई हळू म्हणाली, "अन् तुमी सेलूले पोहे खाऊन राह्यले होते? घरी काऊन नाई आले?"

"निघाल्यावर मांगं फिरू नाई," भाऊजी म्हणाले. पण हे नेहमीचं वाक्य या वेळी त्यांना नीट जमलं नाही. ते पोरीजवळ जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

पुढच्या वेळी ताईने दशम्या बांधल्या आणि डबा हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. विचारलं काहीच नाही. डबाही दिला नाही. आमच्या शाळेने मोडीत काढलेला भारताचा एक नकाशा मी तिच्या स्वयंपाकघरात नुकताच लावून दिला होता. भाऊजी त्याच्यापाशी गेले.

"तोंडानं नाई सांगणार," ते म्हणाले आणि त्यांनी विजयवाड्यावर बोट ठेवलं. ताईने डबा दिला.

तेव्हापासून तोच रिवाज पडला. पुढे मोबाइल आला. भाऊजी तो गाडी चालवताना बंद ठेवत, म्हणजे नेहमीच. बोट ठेवणं मात्र त्यांनी कधी चुकवलं नाही.

नकाशा अजून तिथेच आहे. त्यावर ग्रीसचे काळे ठसे आहेत. ताई भिंत पुसते, ठसे पुसत नाही. ईशान्येकडे एकही ठसा नाही. तिकडे ते गेले नसावेत, किंवा त्या दिवशी त्यांनी हात धुतले असावेत.