तळघरातला स्टॉप

माझं सध्याचं पोस्टिंग जर्मनीतलं रेगेन्सबर्ग. ऑर्डर मुलीची, मुदत व्हिसा संपेपर्यंत. ड्यूटी म्हणाल तर कचरा चार डब्यांत बरोबर वेगळा करणं आणि व्याह्यांना सोबत करणं. पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, सगळी नोकरी मॉर्टर, म्हणजे उखळी तोफांच्या, प्लाटूनमध्ये काढली. तिथेही इतकी शिस्त नव्हती जितकी इथल्या कचऱ्याला आहे.

व्याही म्हणजे माझ्या जावयाचे, योनासचे वडील. नाव डीटर. मी त्यांना डीटरराव म्हणतो, ते मला हेर सुभेदार, म्हणजे त्यांच्या भाषेत सुभेदारसाहेब. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमतं. ते खालच्या मजल्यावर एकटे राहतात, वर मृणाल आणि योनास. डीटरराव शिकारी आहेत. रायफलची काडतुसं ते घरीच भरतात. त्यासाठी इथे परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो आणि तो त्यांनी रीतसर घेतलेला आहे.

हे काम चालतं तळघरात. वापरलेल्या पितळी पुंगळ्या धुऊन, मापात आणून लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उभ्या करायच्या. बंदुकीची दारू काट्यावर तोलायची. काटा स्थिर झाला की नरसाळ्यातून ती पुंगळीत ओतायची आणि वर गोळी बसवायची. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, फोन वर ठेवून यायचा, रेडिओ बंद. तोलणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही. पहिल्या दिवशी हे पाहून मला घरी आल्यासारखं वाटलं. मी रोज दुपारी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू लागलो.

मानफ्रेड हा डीटररावांचा जिवलग मित्र आणि योनासचा गॉडफादर. तो वसंतात आजारपणात गेला. त्याची रायफल आणि उरलेली दारू रीतसर कागद करून डीटररावांकडे आली. त्यांच्या शिकारी क्लबच्या लोकांनी ठरवलं होतं की शनिवारी रेंजवर त्याच्याच रायफलने प्रत्येकाने त्याच्या नावाने एक गोळी झाडायची. काडतुसं डीटरराव भरणार, तीही मानफ्रेडच्या डब्यातल्या दारूने. पहिली गोळी योनासची.

त्या दुपारी डोनाऊ नदीवरून धुकं आलं होतं. तळघराची खिडकी जमिनीलगत आहे. तिच्याबाहेर नुसतं पांढरं दिसत होतं. मानफ्रेडची रायफल भिंतीला टेकवलेली होती. डबा उघडला आणि पाइपच्या तंबाखूचा वास आला. आमच्यात कुणी पाइप ओढत नाही. डीटरराव हसून म्हणाले, हा मानफ्रेड.

मला ते हसणं आवडलं नाही. का ते सांगता येणार नाही. खोली अचानक गार पडली होती आणि काटा स्थिर होत नव्हता. दार बंद, खिडकी बंद, आम्ही दोघं श्वास रोखून बसलेलो, तरी तो वरखाली हलत होता. कुणीतरी जवळ उभं राहून हळूच फुंकर घालत असावं तसा. बऱ्याच वेळाने तो थांबला. डीटररावांनी पहिली पुंगळी भरली.

तेव्हा मला दिसलं. ते रोज वापरत ती दारू शेवयांच्या बारीक तुकड्यांसारखी असे आणि पुंगळी गळ्यापर्यंत भरत असे. ही खसखशीसारखी गोल होती. वजन तेच, पण पुंगळी अर्धीसुद्धा भरली नव्हती. डब्यावरचं नाव रायफलच्या दारूचं होतं. आतला माल दुसराच, बहुतेक पिस्तुलाचा, झपाट्याने पेटणारा. इतका भरून रायफल झाडली तर ती चेहऱ्याजवळच फुटणार. आणि तो चेहरा माझ्या जावयाचा असणार.

डीटररावांना ते दिसत नव्हतं असं नाही. त्यांची नजर पुंगळीत गेली, क्षणभर थांबली आणि परत काट्यावर आली. मेलेल्या मित्राच्या हातावर शंका घ्यायची त्यांची तयारी नव्हती. मानफ्रेड चूक करणं शक्यच नाही, असं ते नेहमी म्हणत. आणि मी? मी मुलीकडचा. व्याह्यांना त्यांच्याच घरात, त्यांच्या कामात, त्यांच्या दिवंगत मित्राच्या वस्तूवरून चूक सांगायची म्हणजे फार अवघड. आमच्या गावात मुलीचा बाप व्याह्यांच्या ताटातलं मीठसुद्धा कमी आहे म्हणत नाही. आता बोलू, ही पुंगळी झाली की बोलू, असं करत मी बसलो. त्यांनी दुसरी पुंगळी भरली.

मॉर्टर लाइनवर असलं काही चालत नसे. बॉम्बच्या शेपटाला दारूच्या पिशव्या लावतात, त्याला चार्ज म्हणतात. जितके चार्ज तितका बॉम्ब लांब जातो. तिथे नियम होता की ज्याला चूक दिसली त्याने "स्टॉप" म्हणायचं. तो कुक असला तरी चालेल. नळी आधी थांबते, का ते मग विचारतात.

नियंत्रण रेषेवरच्या एका पोस्टवर असताना आमची गस्तीची तुकडी पुढच्या उतारावर अडकली होती. रेडिओवर कंपनी कमांडर साहेब घाई करत होते.

"फायर कधी?"

"चार्ज थ्री, रेडी, सर," मी म्हणालो.

बॉम्ब नळीच्या तोंडाशी होता. तेवढ्यात लान्स नाईक दत्तू खरात म्हणाला, "स्टॉप." ओरडला नाही, नेहमीच्या आवाजात म्हणाला. बॉम्बला दोनच चार्ज होते. तो अलीकडे, आमच्याच पोरांवर पडला असता. दत्तू पारनेरकडचा, बोलायला लाजाळू, साहेबांसमोर मान वर करत नसे. पण तेवढा एक शब्द त्याला म्हणता येत असे.

डीटररावांनी तिसऱ्या पुंगळीसाठी काट्यावरची वाटी उचलली.

"स्टॉप."

त्यांचा हात थांबला. ते माझ्याकडे वळले. माझं तोंड मिटलेलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. 

जिन्यावर पावलं वाजली. मृणाल स्वयंपाकघरातून खाली आली.

"बाबा, स्टॉप कोण म्हणालं?"

डीटररावांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"नाही हो बाबा, तुमचा आवाज मला कळत नाही का? हा कुणीतरी तरुण माणूस होता. गावाकडचा वाटला."

मग मी बोललो. मृणालने जर्मनमध्ये सांगितलं. डीटररावांनी दोन्ही पुंगळ्या कागदावर ओतल्या, आपल्या दारूचे चार कण शेजारी ठेवले आणि भिंग धरलं.   "गेनाऊ," ते शेवटी म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. शेवटच्या दिवसांत मानफ्रेडला नीट दिसत नव्हतं, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. कधीतरी त्याने एका डब्यातलं दुसऱ्यात ओतलं असणार.

शनिवारी रेंजवर दुकानातून आणलेली काडतुसं वापरली. योनासने पहिली गोळी झाडली आणि हसत मागे आला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो जरा जास्तच वेळ राहिला असावा. सगळ्यांचं झाल्यावर डीटररावांनी रायफल माझ्यापुढे धरली. पाहुण्याला इथे देखरेखीखाली झाडता येते. दत्तूच्या त्या स्टॉपची गोष्ट मी त्यांना मधल्या दिवसांत सांगितली होती, पुढचं नाही.

"हेर सुभेदार, त्या तरुणासाठी," ते म्हणाले. "तो आता कुठे असतो?"

मी सांगितलं. त्या स्टॉपनंतर त्याच हिवाळ्यात दत्तू पोस्टवर पाणी घेऊन चढत होता. बर्फाने सुरुंग सरकून पायवाटेवर आला होता, त्यावर त्याचा पाय पडला. तो सगळ्यांत पुढे होता, त्याला स्टॉप म्हणणारं पुढे कुणी नव्हतं. आम्ही मागे होतो आणि आम्हाला काहीच दिसलं नाही.

डीटररावांनी टोपी काढली. मी रायफल खांद्याला लावली. दत्तूची फार आठवण आली, डोळे भरले, निशाण अंधूक झालं. रेंज ऑफिसरने इशारा केला. मी ट्रिगरवर बोट ठेवून थोडा थांबलो, कान देऊन ऐकलं. कुणी काही म्हणालं नाही. मग गोळी झाडली.