घावणे आणि एरंडेल

आमचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्या राहतंय, की नेमकं कधी आलो हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. मराठी टिकली ती घरात. दारापलीकडे कन्नड, ऑफिसात हिंदी, आणि चारचौघांत कुणाला कळू नये असं काही बोलायचं असलं की मराठी. आनेकलच्या बसमध्ये आई शेजारणीच्या साडीवर मोठ्याने शेरे मारायची, चेहरा मात्र कीर्तनाला बसल्यासारखा. दुकानात गोड हसून म्हणायची, "हा लबाड आहे, स्वल्प बघितल्यासारखं कर आणि चल." ही विद्या मी तिच्याकडून घेतली. नवरा आमच्यासारख्याच घरातला, त्यामुळे त्याला ती माहेरूनच आलेली होती.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं चार दिवस मालवणजवळ समुद्राकाठी राहिलो. एका बाईंनी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या होत्या, जेवणही त्याच करायच्या. नवऱ्याने फोनवर हिंदीत विचारलं, त्यांनी हिंदीत सांगितलं. आल्यावरही तेच चालू राहिलं.

पहिल्या सकाळी घावणे आले. आपल्या नीर दोशांचे मोठे भाऊ. पांढरेशुभ्र, जाळीदार, सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी. वाढणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर मात्र एक सुरकुती हलेना. मी सवयीने, नेहमीच्या खणखणीत आवाजात नवऱ्याला म्हणाले, "घावणे बघ किती मऊ, आणि तोंड बघ, एरंडेल प्यायल्यासारखं."

बाई चटणी वाढत होत्या. वाढून झाली, पातेलं खाली ठेवलं आणि त्यांनी विचारलं, "दुपारच्या जेवणाक बांगडो चलात मां?"

मी हातातला घास ताटात परत ठेवला. आपण महाराष्ट्रात आहोत हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. जिभेला ठाऊक नव्हतं. नवरा कसाबसा "चालेल, चालेल" म्हणाला, आणि आम्ही चपला अडकवून समुद्राकडे सुटलो.

वाळूवर पोहोचल्यावर तो पोट धरून हसला. मला हसू येईना. भल्या बाईच्या घरात बसून, तिचं खात खात तिला नावं ठेवली होती. "दुपारी दुसरीकडे जेवू," तो म्हणाला.

"आणि तिने आपल्यासाठी आणलेले बांगडे? मी माफी मागणार."

"सरी, बरं. माग."

मागायची कशी, हाच प्रश्न होता. ओल्या वाळूतून चालताना मी शब्द जुळवायला लागले. कन्नडमध्ये क्षमा मागणं मला सोपं होतं, इंग्रजीत तर दिवसातून दहादा होतं. मराठीत मी आजवर फक्त घरच्यांची माफी मागितली होती, तीही "बरं बाई, चुकलं" एवढीच. परक्या माणसाशी मी मराठीत कधी धड बोललेच नव्हते. नुसत्या कल्पनेनेच घरातल्या गाऊनवर रस्त्यावर आल्यासारखं वाटत होतं.

पुढे रापण ओढून झाली होती. पसरलेल्या जाळ्याभोवती बायका मासळी निवडत होत्या. म्हटलं, इथे तालीम करून बघू. धीर करून विचारलं, "हे कुठले मासे?"

"पेडवे. होये काय?" एकीने मान वर न करता विचारलं.

बस, एवढंच. आभाळ कोसळलं नाही, कुणी वळून पाहिलंही नाही. मला इतका आनंद झाला की मी तिला आणखी चार प्रश्न विचारले, त्यातले दोन अगदीच निरर्थक होते. मग आम्ही खाडीच्या तोंडापर्यंत चालत गेलो, पाण्यात पाय सोडून बसलो, शहाळी प्यायलो. उन्हं तापली तशी भूक लागली.

परतलो तेव्हा पानं मांडलेली होती. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. मी बसलेच नाही. "अक्का," मी म्हणाले, "सकाळी मी फार वाईट बोलले. चुकलं माझं. मला माफ करा."

त्या स्वतःच्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "तीन दिस दाढ ठणकता. तोंड एरंडेलासारखाच दिसतला, तुमचा खोटा नाय. बसा आता, बांगडे गार होतत." आणि सोलकढी ओतता ओतता पुढे म्हणाल्या, "ह्यात एरंडेल घालूक नाय हां." एवढं बोलून त्या हसल्या. दाढ सांभाळून, एका बाजूने, पण डोळ्यांपर्यंत हसल्या.

मी जेवायला बसले. तिखलं असं झालं होतं की दोघांनीही भात पुन्हा मागितला. मग सकाळपासून शहाणा झालेला माझा नवरा माझ्याकडे झुकला आणि हळूच, खास कन्नडमध्ये म्हणाला, "नक्करे एष्टु चेन्नागि काणिसुत्तारे." हसल्या की किती छान दिसतात.

बाई आणखी भात घेऊन आल्याच होत्या. "माझा माहेर कारवारचा," त्या म्हणाल्या. "माका कन्नड पण येता."

नवऱ्याने भातासाठी पान पुढे केलं. आमच्याकडे आता लपायला एकही भाषा उरली नव्हती. म्हणून मी त्यांच्याकडेच बघून मराठीत म्हणाले, "अक्का, हा म्हणतो ते खरं आहे. हसलात की छान दिसता."

"दाढ बरी होवंदे," त्या म्हणाल्या, "मगे बघा."