उकंड्याची फ्रेंच

दिवाळीच्या सुट्टीतून मी होस्टेलात सगळ्यांच्या आधी परत आलो होतो, कारण घरी शेलूबाजारले राह्यलं की बाबा दुकानात बसवते. खोलीत मी रेक्टरसाहेबाची नक्कल करून राह्यलो होतो, खांद्यावर उपरणं, पोट पुढं काढलेलं, अन् तेवढ्यात दारात उकंड्याचा चुलतभाऊ दिसला. मले वाटलं, मागं उकंडाही असंन. मी रेक्टरच्याच आवाजात गुरगुरलो, "कोण पाहिजे? परवानगीची चिठ्ठी आणली का?" तो हसला नाही. "उकंड्याची पेटी न्याले आलो," म्हणे. तरी माझं चालूच, "का बरं? चिरंजीव कॉलेज सोडून चालले वाटते!" मंग त्यानं डोक्यावरची टोपी काढली, खाली डोकं भादरलेलं... अन् तोंडातला तो रेक्टर कुठं ठेवावा हे मले समजेना. उकंड्याले मुदतीचा ताप आला होता. सुट्टीत आला अन् सुट्टी संपायच्या आधी त्याले घेऊनही गेला.

उकंडा हे नाव वऱ्हाडाबाहेरच्याले समजावून सांगा लागते. त्याच्या आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर त्याले उकिरड्यावर टाकलं अन् लगेच उचलून घरात आणलं. काळाले वाटावं, हे फेकलेलं सामान हाये, याच्यावर कायले नजर टाका. काळ फसलाही बरेच वर्षं. आसेगावच्या त्या घरातून पहिल्यांदाच कोणी मॅट्रिक झालं, कॉलेजात आलं, तेही फेकलेलं सामानच.

अन् आल्यावर दुसरी भाषा म्हणून घेतलं काय, तर फ्रेंच! आमच्यासारख्या गावच्या शाळेतल्या पोट्ट्याले संस्कृत म्हणजे वाघ. प्रवेशाच्या टायमाले कारकुनानं सांगतलं, फ्रेंच इथं पहिल्या अक्षरापासून शिकवतात. उकंडा म्हणे, "म्हंजे वकिलाचं पोट्टंही तिथं अडाणीच? मंग लिवा फ्रेंच. जिथं समदेच अडाणी, तिथं आपन कायले भ्याचं?" मी रांगेत त्याच्या मागं होतो. मी पण लिवा म्हणलं. माझं कारण अलग होतं, मले नक्कल कराले नवा आवाज पाहिजे होता.

फर्स्ट इयरले वर्ग भरलेला होता. इंटर आलं अन् फ्रेंचनं दात दाखवले. एकाच क्रियापदाची रूपं अशी, की एक भाऊ दुसऱ्या भावाले ओळख देत नाही. बाकीचे हळूहळू पसार झाले अन् बाकावर आमी दोघंच उरलो, मी आवाजावर अन् तो जिद्दीवर. मले फ्रेंचच्या सरांसारखं हुबेहूब बोलता येई, गळ्यात घासलेला र, नाकातून सोडलेला सूर, पण बोललो काय ते विचारू नका. त्याले समदं समजे, पण तोंड उघडलं की त्याची फ्रेंच बैलगाडीसारखी पांदणीनं चाले, जाड, सपाट, खडखडत. "नाक, मस्यॅ उकंडा, नाक!" सर कळवळून म्हणत. "सर, सर्दी झाली की येते," हा म्हणे. दोघं मिळून आमी एक विद्यार्थी होतो. एकदा सरांनी सांगतलं, जाणं, येणं, जन्मणं, मरणं, ह्यांचा भूतकाळ बाकीच्यांसारखा होत नाही, ह्यांना मदतीले दुसरंच क्रियापद लागते. मले जांभई आली. उकंडा मान हलवून म्हणे, "बराबर हाये सर. ही कामं आपल्या हातची नाईत ना."

साऱ्या होस्टेलची नक्कल मी केली, सरांची केली, मोटारीच्या कंडक्टरची केली. उकंड्याची कधी रंगली नाही. केली की तो खुशीत येऊन म्हणे, "हाव, बराबर! असंच हाये ते!" ज्याले चिडताच येत नाही त्याची नक्कल करून मजा काय?

मागच्या उन्हाळ्यात मी आसेगावले त्याच्या घरी गेलो होतो. घरचा एक गोऱ्हा त्या वर्षी कामाले लावायचा होता. अंगावर पांढरे पट्टे, म्हणून बांड्या. काकाजीनं, म्हणजे उकंड्याच्या बापानं, ते काम लेकावर सोपवलं होतं. इकडं इंटरची तयारी डोक्यावर. मंग ह्या भाऊनं दोन्ही कामं एकाच जुवाले जुंपली. वखरामागं चालता चालता ओरडे, "अवान्स ना बे, अवान्स!" म्हणजे चाल पुढं. वळणावर आवाज उतरवून, "लांतमान... लांतमान," म्हणजे हळू. वावराच्या कडेचा धुरा आला की, "आरेत!" थांब. मधल्या तासात, वखराच्या सरळ ओळीत, बाकीची क्रियापदं. काकाजी धुऱ्यावरून म्हणत, "काहून रे, जनावराले साहेब करतं का?" तर हा म्हणे, "बा, त्याचं फर्स्ट इयर चालू हाये!" काकाजी म्हणले, "पास झाला तर वखर कोन वढन मंग?" आमी हसून हसून मातीत बसलो. बांड्या तेवढा गंभीर उभा होता, परीक्षेले बसल्यासारखा.

पेटी बांधता बांधता चुलतभावानं घरचं सांगतलं. हरभऱ्याची पेरणी खोळंबली होती. बांड्या जू घेते, पण पाय उचलत नाही. काकाजी म्हणतात, बाजारात नेऊन टाकतो, बिनकामाचं जनावर ठेवून काय करू. अन् मावशी, उकंड्याची माय, दावणीजवळून हलत नाही. "पोरगं गेलं, आता त्याच्या हातचं हेही खुट्यावरून सोडता का," एवढंच म्हणते. अन् घरात दोघंही एकमेकाशी बोलून राह्यले नाहीत. मी ऐकलं अन् माझ्या डोक्यात काहीतरी खुटखुटलं, पण आपण मस्करे म्हणून नावाजलेले, दुःखाच्या घरी जाऊन असं काही सांगावं कसं?

शेवटी बाजाराच्या आदल्या दिवशी गेलोच. काकाजी वावरात होते. मले पाहून "ये" म्हणले. जोडी जुंपलेली अन् जागच्या जागी उभी. काठी धुऱ्यावर पडली होती. मी काठीकडं पाह्यलं तसे म्हणले, "त्यानं शिकवलेलं हाये रे. कशी लावू?" मी विचारलं, "काकाजी, तुमी त्याले त्याच्या भाषेत हाकललं का?" "कोन्त्या भाषेत? ते तर पोट्टं आपला अभ्यास घोकत व्हतं ना!"

मी वखरामागं उभा राह्यलो अन् सरांच्या आवाजात म्हणलं, "अव्हाँऽस." अस्सल, नाकातून. सरांनी ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती. बांड्यानं रवंथ चालू ठेवला. मावशी धुऱ्यावर येऊन उभी राह्यली होती. ती हळूच म्हणे, "असं नाई बोले तो, बाबू."

असं नाईच बोले तो. मले माहीत होतं कसा बोले. पण आजवर जो आवाज मी हसवाले काढला, तो इथं, त्याच्या मायसमोर काढायचा... मंग डोळे मिटले, खांदे त्याच्यासारखे ढिले सोडले अन् ओरडलो, "अवान्स ना बे, अवान्स!"

बांड्याचे कान उभे झाले. त्यानं मान वळवून मागं पाह्यलं. मले पाह्यलं, अन् माझ्या मागंही पाह्यलं. मंग पाय उचलला.

या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण तास गेला. वळणावर मी "लांतमान" म्हणलं अन् तो हळू झाला, धुऱ्यावर "आरेत" म्हणलं अन् थांबला. मावशी खाली बसली होती, पदर तोंडाशी, हसते का रडते ते दिसत नव्हतं. "म्हंजे काय रे ते?" तिनं विचारलं. मी म्हणलं, "हळू, मावशी. हळू चाल, म्हणे तो त्याले." "मारत नव्हता ना, म्हून," मावशी म्हणे.

काकाजीनं माझ्या हातून कासरा घेतला. "मले सांग," म्हणले. मी एकदा सांगतलं, दुसऱ्यांदा सांगाचं कामच पडलं नाही. माझी नक्कल होती, काकाजीचा तो घरचाच आवाज होता, जाड, सपाट. सरांनी वर्ष-दीड वर्ष घासूनही उकंड्याच्या तोंडातून जो गेला नाही तो हाच, हे मले तवा समजलं. दुसऱ्या दिवशी शेलूबाजारचा बाजार भरला, मी आमच्या दुकानातून दिवसभर रस्त्याकडं पाहत होतो. आसेगावहून बांड्या काही आला नाही.

आता फ्रेंचच्या वर्गात मी एकटाच असतो. पहिल्या दिवशी सरांनी हजेरी काढली, माझं नाव घेतलं, अन् रजिस्टर मिटून टाकलं. परवा धडा वाचता वाचता माझ्या तोंडून एक शब्द उकंड्यासारखा निघून गेला. मी थांबलो, आता सर "नाक" म्हणतील. सर खिडकीबाहेर पाहत म्हणले, "वाचा, पुढं वाचा."

मधे एका इतवारी पुन्हा आसेगावले गेलो. हरभरा वर आला होता. काकाजी दुसऱ्या वावरात वखर हाकून राह्यले होते, मी आलो ते त्याहीले दिसलं नव्हतं. तास संपत आला, वळण आलं, अन् त्याहीनं कासरा ढिला सोडून आवाज खाली उतरवला, "लांतमान, लेका... लांतमान."

'लेका' मी शिकवलेलं नाही.