मुलीला चावलेली गोम

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा, म्हणून रोह्याला लागून असलेल्या वरसेला आम्ही एक खोली भाड्याने घेतली होती. मागे भाताची शेतं, कोपऱ्यात मोरी आणि त्या मोरीला भलंमोठं भोक. मुलगी तीन महिन्यांची. छताला पाळणा टांगायला कडी नव्हती, त्यामुळे ती माझ्याशेजारी खाली गोधडीवरच झोपायची.

त्या आठवड्यात पाऊस चार दिवस थांबलाच नाही. शेतात पाणी तुंबलं आणि शेतातलं सगळं आमच्याकडे राहायला आलं. आधी मोरीतून गांडुळं आली. मग भिंतीवर, भांड्यांमागे लालकाळे वाणी किडे, हात लागला की वेटोळं करून पडणारे. यांची मला नुसती किळस यायची. भीती होती ती गोमेची. तिसऱ्या दिवशी सकाळी बादली उचलली तर खाली बोटभर लांब गोम. मी झाडू आणेपर्यंत ती ट्रंकेमागे गेली. ट्रंक ओढली, तर तिथे काही नाही. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. गोम कानात शिरते, असं लहानपणापासून ऐकलेलं. घास अर्धा टाकून मी उठायचे आणि मुलीचे कान बघून यायचे.

सासूबाई खांब गावाजवळच्या खेड्यातून मदतीला आल्या होत्या. भाताची, वालाची शेती करणारं माणूस ते, गोमेला काय भिणार.

"पानी भरला की किडूक येनारच गो," त्या म्हणाल्या. "ऊन पडला की जाईल."

ऊन कधी पडणार, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मी पेणच्या खाडीकडची. बाबा, काका, मामा सगळे मिठागरात. आमच्याकडे किड्यांवर औषध एकच, जाडं मीठ. मूठभर टाकलं की गांडूळ तिथेच आक्रसतं. बाळंतपणानंतर मी सासरी निघाले, तेव्हा रामवाडीला एसटीत बसवताना बाबांनी अर्धं पोतं मीठ सीटखाली सरकवलं होतं. नवरा तेव्हा हसला होता. आता मी त्या पोत्याला हात घातला. दाराशी, मोरीशी, भिंतीच्या कडेने मिठाची रेघ ओढली. तरी मनाची खात्री होईना. मग संध्याकाळी, सासूबाई भाकऱ्यांना बसल्या असताना, मुलीच्या दोन गोधड्यांच्या मध्येही चांगलं चार मुठी मीठ पसरलं. आपल्याला हे सुचलं याचं मला कौतुकच वाटलं.

रात्री मुलगी कुरकुरत राहिली. मी पोटाला हिंग लावला. गोधडी दमट लागत होती, पण चार दिवसांत घरातलं सगळंच दमट झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकदम किंचाळली. उचलली, तर झबलं वर सरकलेलं आणि कमरेपासून मानेपर्यंत लालभडक पट्टा. गोम चालत गेल्यासारखा. माझी पाचावर धारण बसली.

"आई, हिला गोम चावली," एवढंच मी बोलू शकले.

तिला दुपट्यात गुंडाळलं आणि चपला शोधायला लागले. दवाखाना रोह्यात, रस्त्यावर गुडघाभर पाणी, नवरा कंपनीत. मी रडत होते आणि एकच चप्पल सापडत होती.

सासूबाईंनी गोम शोधायला गोधडी झटकायला घेतली. ती झटकता येईना, इतकी जड झालेली. त्यांनी वरची गोधडी उलटून हात फिरवला, वास घेतला आणि बोट जिभेला लावलं. मग माझ्या खांद्यावरच्या मुलीचं दुपटं सारून तिच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि तेही जिभेला लावलं.

"गोम नाय," त्या हळू म्हणाल्या. "मीठ हाय."

पावसात जाडं मीठ पाणी धरतं, हे मिठागरवाल्याच्या मुलीला कुणी सांगावं लागतं का? माहेरी दर पावसाळ्यात मिठाच्या पोत्याखालचं पाणी मीच फडक्याने टिपायचे. आणि रात्रभर मी माझ्याच लेकीला मासळीसारखं खारवत ठेवलं होतं. मला इतकी लाज वाटली की रडणंही थांबलं.

सासूबाईंनी कोमट पाण्याने तिची पाठ तीनदा धुतली, खोबरेल लावलं. ती त्यांच्या मांडीवरच झोपली. तिला माझ्याकडे द्या, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. नवरा आल्यावर त्या काय सांगतील, या विचाराने मी संध्याकाळपर्यंत मोरीशी बसून ती गोधडी पिळत होते.

तो भिजून आला. मुलीची पाठ बघून काय झालं म्हणाला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"गोम चावली," त्या म्हणाल्या. "मी होते म्हनून बरा."

ट्रंकेमागची गोम पुन्हा कधी दिसली नाही. सासूबाईही आता नाहीत. मुलगी मोठी झाली. पावसात घरात किडा निघाला की ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, तीन महिन्यांची असताना मला गोम चावली होती, आईने सगळीकडे मीठ टाकलं होतं म्हणून एका चाव्यावर निभावलं. मग माझ्याकडे बघते. मी हो म्हणते.