बरणीतला पांढरा ठिपका

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नये, हे आमच्या घरात पोरांनाही कळतं. मला पन्नाशीतही कळलेलं नाही. पुढे लोणच्यावर नखाएवढा पांढरा ठिपका दिसला, तेव्हा मी मोठ्या शहाणपणाने तो ढवळून खाली ढकलला आणि झाकण घट्ट लावलं. दिसेनासा झाला, म्हणजे मिटलं.

परवा बरणी उघडली तर सगळीकडे बुरशी. तिच्याकडे बघताना मला धाकटा भाऊ सुधीर आठवला. दिवाळीला तो फराळाला आला, पण दरवर्षीसारखा पत्ते खेळायला बसला नाही. गॅलरीत हळूच म्हणाला, "दादा, झोपच लागत नाही रे. म्हणून रोज थोडी घेतो हल्ली." मी पाठीवर थाप मारली. "अरे, या वयात होतं असं!" म्हणालो आणि चिवड्याची बशी पुढे केली. तोही हसला. किती सहज लावलं आम्ही दोघांनी झाकण! ठिपका तर त्याने आपणहून दाखवला होता. त्यासाठी त्याला केवढं बळ एकवटावं लागलं असेल, हे मला चिवड्यातले शेंगदाणे वेचताना कुठलं कळायला?

बायकोला बरणीचं सांगताना तेही सांगून टाकलं. ती माझ्यावर ओरडली नाही. हात पुसत म्हणाली, "लोणचं पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा घालीन. भाऊजींकडे मात्र आजच जाऊ. आणि डॉक्टरांकडे जायचं ठरलं, तर उपदेश करू नका. नुसते सोबत जा."